जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांतून शिवलेली वही: खर्च जवळजवळ शून्य, पण क्रम चुकवायचा नाही

घरी बसून करता येईल असा स्वस्त छंद शोधणारी बरीच मंडळी सुरुवातच खरेदीपासून करतात. वही बांधण्याच्या बाबतीत तर हे हमखास. कुठेतरी व्हिडिओ दिसतो, लगेच ऑनलाइन किट मागवलं जातं, त्यात मेण लावलेला परदेशी दोरा, हाडाची घडीपट्टी, छापील कापड असं सगळं येतं. पहिली वही दिसायला झकास होते आणि महिन्याभरात पाठीतून सुटते. मग दोष गोंदाला द्यायचा आणि त्याहून महाग गोंद आणायचा. छंद स्वस्त राहत नाही, वहीही टिकत नाही.

वही धरून ठेवतो तो दोरा. खळ आणि गोंद फक्त मदतनीस. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम आपोआप पटतो. तक्रारी साधारण तीनच ऐकू येतात: पानं सुटतात, पुठ्ठा वाकतो, वही सपाट उघडत नाही. तिन्हींचं मूळ पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत असतं, पण दिसतं मात्र शेवटी, सगळं चिकटवून झाल्यावर. तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

### हा छंद तुमच्या घरात मावतो का?

जागा फार लागत नाही, जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पुरतो. लागते ती एक कोपऱ्याची जागा, जिथे वजनाखाली ठेवलेली वही दिवसभर कुणी हलवणार नाही. वेळ सलग लागत नाही. एक संध्याकाळ घड्या, एक शिवण, एक पुठ्ठा, असं तुटक तुटक करता येतं आणि तसंच करावं, कारण मधे दाब आणि वाळवण हवं. एका बैठकीत वही पुरी करायचा हट्ट असेल तर दुसरा छंद बघा. दाभण आणि ब्लेड हाताशी असतं, त्यामुळे घरात रांगतं मूल असेल तर काम उंचावर, नाहीतर ते झोपल्यावर.

## टप्पा १: पानं निवडणं

एप्रिलच्या शेवटी निकाल लागले की घराघरांतून अर्धवट भरलेल्या वह्या रद्दीत जातात. कच्चा माल हाच. पण वही हातात येताच कोरी पानं टराटरा फाडून गठ्ठा करायचा नाही. सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती बहुतेक सगळे करतात.

आधी वही बरोबर मधोमध उघडा. तिथे पिना किंवा दोरा दिसला, तर ती मधे शिवलेली वही आहे. म्हणजे तिच्यातला प्रत्येक कागद हा मधे घडी घातलेलं जोडपान आहे: अर्धा भाग वहीच्या पुढच्या बाजूला, अर्धा मागच्या. पाठीला नुसता गोंद असेल तर मिळतील ती सुटी पानं.

आता थोडा हिशेब. समजा वहीत १०० पानं आहेत, म्हणजे ५० जोडपानं. मुलाने पहिली ३० पानं लिहिली. पान ३१ चं जोडीदार पान ७०, पान ३२ चं ६९, असं मधापर्यंत. म्हणजे दोन्ही अर्धे कोरे असलेली जोडपानं फक्त २०. उरलेल्या ३० जोडपानांचा एक अर्धा लिहिलेला आणि एक कोरा. मुलाने ५० किंवा जास्त पानं लिहिली असतील, तर पूर्ण कोरं जोडपान एकही नाही, मागची कोरी पानं कितीही जाड दिसोत. म्हणून वही निवडताना किती पानं कोरी आहेत ते बघू नका, मधलं पान कोरं आहे का ते बघा.

पिना काढायच्या त्या आतल्या बाजूने. पिनेची दुमडलेली दोन टोकं बोथट सुरीने उभी करा आणि मग बाहेरच्या बाजूने पिन ओढून घ्या. उलट बाजूने ओढलीत तर घडीवर भोकं फाटतात. गंजलेल्या पिनेचा डाग असेल तर ते जोडपान बाजूला ठेवा.

सुटी कोरी पानं टाकून द्यायची नाहीत. प्रत्येक पान आडवं मधे दुमडलं की त्याचंच छोटं जोडपान होतं. मात्र अशा वहीत रेघा पाठीला समांतर येतात. म्हणून ती वरून उघडणारी वही समजायची, बातमीदाराच्या पॅडसारखी, म्हणजे रेघा पुन्हा आडव्या होतात. वाणसामानाच्या यादीला आणि दुधाच्या हिशेबाला ही वही मोठ्या वहीपेक्षा बरी.

या लेखात पुढे गृहीत धरलं आहे की एकाच आकाराच्या दोन वह्यांतून तुम्हाला ४० पूर्ण कोरी जोडपानं मिळाली आहेत आणि पानाची उंची २० सेंटिमीटर आहे. तुमचं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात बदला.

तपासा: गठ्ठा टेबलावर आपटून समान करा. एखादं पान दोन-तीन मिलिमीटरहून जास्त लहान-मोठं निघालं तर ते दुसऱ्या कंपनीच्या वहीतलं आहे. आत्ताच काढा.

## टप्पा २: साहित्य, विकत न आणता

दोरा. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा उत्तम. नेहमीचा शिलाई मशीनचा दोरा फार बारीक, तो घडीतून कागद कापतो. नायलॉनचा तर नकोच, कागदही कापतो आणि गाठही सरकते. सुती दोरा मेणबत्तीवरून दोन वेळा ओढून घ्या. त्याचे केस बसतात, गुंता होत नाही आणि गाठ धरून राहते.

दाभण आणि सुई. दाभण नसेल तर जाड सुईचं नेढं पेन्सिलीच्या खोडरबरात खुपसा. शिवायची सुई मात्र टोकाला थोडी बोथट हवी. जमिनीच्या फरशीवर दोन-चार वेळा घासली की पुरे. अणकुचीदार सुई आधीच्या दोऱ्यालाच टोचून फोडते.

फीत, म्हणजे पाठीवर आडवी बसणारी पट्टी, जिच्यावरून शिवण जाते. परकराची चपटी सुती नाडी, साधारण १ सेंटिमीटर रुंद. गोल नाडी चालत नाही.

पुठ्ठा. सुमारे २ मिलिमीटर जाडीचा. शर्टाच्या खोक्याचा किंवा जुन्या वहीचा पुठ्ठा पातळ वाटला तर दोन थर एकमेकांना चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. सामानाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घेऊ नका, तो पहिल्याच दाबात चेपतो.

कापड. जुनी सुती साडी, शर्टाची पाठ, अंथरुणाची चादर. नुसतं कापड लावलं की खळ आरपार झिरपते आणि वर डाग उठतात. म्हणून कापडाच्या उलट बाजूला आधी पातळ कोरा कागद खळीने चिकटवून, सुरकुत्या काढून, पूर्ण वाळवून घ्यायचा. पतंगाचा रंगीत कागद या कामाला नको, ओला झाला की रंग सोडतो. वर्तमानपत्रही नको, शाई उमटते.

खळ आणि गोंद. दोन्ही लागतात आणि त्यांची कामं वेगळी. कापड आणि कागद लावायला खळ, कारण ती सावकाश वाळते आणि वाकडं लागलेलं सरकवून नीट करता येतं. पाठीवर मात्र पांढरा गोंद, कारण तो वाळल्यावरही लवचिक राहतो. पाठीवर नुसती खळ लावली तर ती कडक होऊन तडकते.

खळ अशी करा: दोन चमचे मैदा आणि दहा चमचे पाणी. मैदा आधी थंड पाण्यातच पूर्ण कालवून घ्यायचा, गुठळी एकही नको. मग मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन मिश्रण काचेसारखं चकचकीत दिसू लागलं की उतरवा. गार करून गाळणीतून घासून काढा. गरम खळ वापरू नका, कागद ओलाकच्च होतो.

सावध: बाइंडिंगवाले पूर्वापार खळीत मोरचूद घालत आले आहेत, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरात आणि घरच्या भांड्यात हा प्रयोग करायचा नाही. त्यापेक्षा खळ लागेल तेवढीच करा, उरलेली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, आंबट वास आला की फेकून द्या.

बाकी स्टीलची पट्टी, कटर, ब्रश, आणि घडी दाबायला चमच्याची पाठ. बस.

## टप्पा ३: घड्या आणि फर्मे

पाच-पाच जोडपानं एकात एक घाला. हा एक फर्मा. ४० जोडपानांचे ८ फर्मे होतात, म्हणजे ८० पानं, १६० पृष्ठं. शाळेच्या वहीचा कागद पातळ असतो, म्हणून पाच चालतात. झेरॉक्सचा ए-४ कागद वापरत असाल तर चारच घ्या. त्याहून जास्त घातले की आतली पानं मोकळ्या कडेला बाहेर सरकतात आणि फर्मा घडीजवळ फुगतो.

जोडपानांना मुळातली घडी आहेच, तिच्यावरच नवी घडी घाला. पाचही पानं एकत्र चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबा. समास असलेली वही असेल तर लाल रेघ सगळ्या पानांवर एकाच बाजूला आहे ना, हेही याच वेळी बघा. नंतर लक्षात आलं तर सगळी वही उसवावी लागते.

मग आठही फर्मे एकावर एक, घडी एका बाजूला, रात्रभर वजनाखाली. पाटा, भरलेला डबा, जुने ग्रंथ, काहीही चालेल, पण खाली आणि वर सपाट फळी हवी, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

हा दाब अनेकजण गाळतात. दिसायला काही फरक पडत नाही म्हणून. फरक दिसतो तो शिवल्यावर: न दाबलेल्या फर्म्यांतली हवा शिवणीनंतर निघून जाते, दोरा सैल पडतो आणि वही लुळी होते.

तपासा: दाबून काढलेला गठ्ठा पाठीकडून बघा. घड्या टोकदार आणि सरळ दिसायला हव्यात. एखादा फर्मा गोलसर पाठ दाखवत असेल तर तो पुन्हा दाबा.

### तंतूंची दिशा: पाच मिनिटांचं काम

कागदात आणि पुठ्ठ्यात तंतू एका दिशेने जास्त असतात. पुठ्ठा हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या वाकण्याच्या रेघेला तंतू समांतर आहेत. कागदाचं कळत नसेल तर एक चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळतो आणि नळीचा अक्ष म्हणजे तंतूंची दिशा.

पुठ्ठा, अस्तराचा कागद (पुठ्ठ्याला आतून चिकटतो तो), कापडामागचा कागद, सगळ्यांचे तंतू वहीच्या पाठीला समांतर, म्हणजे उभे, आले पाहिजेत. खळ लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने ताणतो आणि वाळताना आखडतो. एकाचे तंतू उभे आणि दुसऱ्याचे आडवे असले की दोघं एकमेकांना ओढतात आणि पुठ्ठा वळतो. नंतर कितीही वजन ठेवा, सरळ होत नाही. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने बाण काढून ठेवा.

## टप्पा ४: भोकं

वहीच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून मधे उभी दुमडा. हा मापाचा कागद. त्याच्या एका टोकाला मोठ्या अक्षरात "वर" लिहा. २० सेंटिमीटर उंचीसाठी खुणा अशा: १.५, ६, ७, १३, १४ आणि १८.५ सेंटिमीटरवर. सहा भोकं. ६ आणि ७ मध्ये एक नाडी बसेल, १३ आणि १४ मध्ये दुसरी. दोन्ही टोकांची भोकं कडेच्या गाठीसाठी.

एक जाड जुनं पुस्तक अर्धं उघडून ठेवा. त्याच्या खळग्यात फर्मा उघडा ठेवा, घडीत मापाचा कागद बसवा आणि दाभण आतून बाहेर टोचा, बरोबर घडीच्या रेघेत. भोक सुईएवढंच हवं. दाभण मुठीपर्यंत खुपसलीत तर भोकं मोठी होतात आणि पाठीवर लावलेला गोंद त्यातून आत गळतो.

सावध: प्रत्येक फर्म्यावर वरच्या कडेला पेन्सिलीची छोटी खूण करा. माप दोन्ही टोकांनी सारखं असलं तरी हाताने टोचलेली भोकं तंतोतंत सारखी पडत नाहीत. एक फर्मा उलटा गेला की पाठीवर पायरी दिसते.

### थांबा: आधी एका फर्म्याची वही

पहिल्यांदाच करत असाल तर इथे या आठांशिवाय एक जादा फर्मा घेऊन त्याला जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाचं वेष्टण घाला आणि फक्त तीन भोकांनी शिवा. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून आतल्या आत खाली, खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना यायला हवीत. त्या दोऱ्यावरून गाठ मारा. टोकं एकाच बाजूला आली तर दोरा मोकळा राहतो.

पंधरा मिनिटांत वही तयार होते, आणि ताण किती द्यायचा हे बोटांना कळतं. सांगून ते कळत नाही. बरेचजण इथेच रमतात, आणि त्यात काही वावगं नाही. छंद म्हणून एवढंही पुष्कळ झालं.

## टप्पा ५: शिवण

दोन नाड्या प्रत्येकी ८ सेंटिमीटर कापा. टेबलाच्या कडेला, ६-७ आणि १३-१४ च्या मापावर, त्यांची खालची टोकं चिकटपट्टीने लावा. वरची टोकं उभी राहू द्या. पहिला फर्मा कडेला आणा, घडी बरोबर टेबलाच्या काठावर.

दोरा घ्या वावभर, वर हातभर. एकेरीच ओवा. दुहेरी दोऱ्याने पाठ फुगते. भोकांना खालपासून वर १ ते ६ नंबर द्या.

पहिला फर्मा. बाहेरून १ मधून आत, बाहेर दहा सेंटिमीटर शेपूट ठेवा. आतून २ कडे, बाहेर, नाडीवरून, ३ मधून आत. आतून ४, बाहेर, दुसऱ्या नाडीवरून, ५ मधून आत. आतून ६, बाहेर.

दुसरा फर्मा. पहिल्यावर ठेवा. त्याच्या ६ मधून आत आणि उलट्या क्रमाने परत: ५ मधून बाहेर, नाडीवरून ४ मधून आत, ३ मधून बाहेर, नाडीवरून २ मधून आत, १ मधून बाहेर. आता दोरा ताणून पहिल्या शेपटाशी गाठ. एकदा उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतलीत तर ती गाठ सुटते.

तिसरा फर्मा. १ मधून आत, तसंच शिवत ६ मधून बाहेर. आता कडेची गाठ: पहिल्या आणि दुसऱ्या फर्म्याला जोडणारा जो दोरा त्या टोकाला दिसतो, त्याच्या मागून सुई घाला, दोरा पूर्ण ओढण्याआधी तयार झालेल्या फासातून सुई वर काढा, आणि मग ओढा. तिथे एक बारीक गाठ बसते. पुढचा फर्मा ठेवा, ६ मधून आत.

चौथ्यापासून आठव्यापर्यंत हेच. प्रत्येक फर्म्याच्या शेवटी, खालच्या दोन फर्म्यांच्या जोडाला कडेची गाठ. शेवटच्या फर्म्याला ती दोनदा मारा आणि दोरा एक सेंटिमीटर ठेवून कापा.

ही गाठ विसरणं म्हणजे वही मधे शिवलेली आणि दोन्ही टोकांना सुटी. अशी वही वरून-खालून पंख्यासारखी उघडते. दोन-तीन फर्मे पुढे गेल्यावर लक्षात आलं तर आळस न करता तिथवर उसवा.

ताण देताना दोरा पाठीला समांतर, ज्या दिशेने शिवत आहात त्याच दिशेने ओढा. वर किंवा मागे ओढलात की भोक चिरतं. चिरलंच, तर त्या जोडपानाच्या घडीवर आतून पातळ कागदाची पट्टी खळीने लावा, वाळू द्या, पुन्हा भोक पाडा.

दोरा मधेच संपला तर नवा दोरा फर्म्याच्या आत जोडा, घडीतच. पाठीवर जोडलेल्या गाठीचा उंचवटा कापडावरून दिसत राहतो.

तपासा: नाड्या पाठीवर चपट्या बसल्या आहेत आणि ओढल्या तर थोड्या सरकतात, हे बरोबर. सुईने नाडीलाच टोचलं असेल तर ती सरकत नाही. दोन्ही टोकांच्या गाठी एका सरळ रांगेत दिसायला हव्यात. आता वही हातात धरून हलवा. एकही फर्मा डुलता कामा नये. गोंदाचा थेंबही न लावता ती घट्ट वाटली पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: अस्तर आणि पाठ

अस्तरासाठी थोडा जाड कागद घ्या: ड्रॉइंगचा कागद किंवा पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी. वहीच्या मापाची दोन जोडपानं. घडीलगत फक्त ४ मिलिमीटर पट्टीवर खळ लावून एक पहिल्या फर्म्यावर, एक शेवटच्यावर चिकटवा. पट्टी नेमकी राहावी म्हणून वर दुसरा कागद आडवा धरून तेवढीच जागा उघडी ठेवा.

मग वही दोन फळ्यांत घट्ट धरून पाठ वर करा आणि पांढरा गोंद पातळ लावा. बोटाने फर्म्यांच्या फटींत थोडा दाबा. जाड थर लावणारे खूप आहेत. जाड थर म्हणजे मजबुती नव्हे, जाड थर म्हणजे सपाट न उघडणारी वही. गोंद ओला असतानाच विरळ सुती कापड, जुन्या धोतराचं किंवा औषधाच्या दुकानातल्या पट्टीचं, पाठीवर बसवा. लांबीने वहीपेक्षा २ सेंटिमीटर कमी, रुंदीने दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर बाहेर.

कडा समान हव्या असतील तर पूर्ण वाळल्यावर, पुठ्ठा लावायच्या आधी, जवळच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानातून मशीनवर कापून घ्या. घरी कटरने ८० पानं सरळ कापायला जाऊ नका. हात घसरतो, कड चावल्यासारखी दिसते. खडबडीत कडाही वाईट दिसत नाहीत, माझं मत विचाराल तर तशाच ठेवा.

## टप्पा ७: पुठ्ठा आणि कापड

मापं आता घ्यायची, आधी नाही. शिवल्यावर आणि गोंद लावल्यावर वहीची जाडी बदललेली असते.

- दोन मोठे पुठ्ठे: उंची वहीपेक्षा ६ मिलिमीटर जास्त, रुंदी ३ मिलिमीटर कमी.
- पाठीचा पुठ्ठा: उंची तेवढीच, रुंदी वहीची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी.
- पाठीचा पुठ्ठा आणि मोठा पुठ्ठा यांच्यात दोन्हीकडे ८ मिलिमीटर मोकळी खाच.

ही खाच म्हणजे बिजागरी. जागा वाचवायला ती ३-४ मिलिमीटर ठेवली की वही उघडताना पुठ्ठा पहिल्या पानाला ओढतो आणि अस्तर फाटतं.

कापड सगळीकडून २ सेंटिमीटर जास्त. कागद लावलेल्या बाजूला खळ पसरा, पुठ्ठे मापाने ठेवा. चारही कोपरे तिरके कापा, पण पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिलिमीटर कापड सोडून. अगदी टोकाला लागून कापलंत तर पुठ्ठा उघडा पडतो. आधी वरची आणि खालची कड दुमडा, कोपऱ्यातलं जास्तीचं कापड नखाने आत दाबा, मग बाजूच्या कडा.

वाळताना कव्हर बाहेरच्या बाजूला थोडं वळलं तर घाबरू नका. आतून अस्तर लागलं की ते उलटं ओढतं आणि सरळ होतं. तंतू उभे असतील तरच, हे वेगळं सांगायला नको.

तपासा: कोरड्या कव्हरात वही ठेवून मिटा. तीन बाजूंनी सारखी ३ मिलिमीटर कड दिसायला हवी. वही कुठे बाहेर डोकावत असेल तर नवं कव्हर करा. चिकटवल्यावर जमेल, असं होत नाही.

## टप्पा ८: वही कव्हरात बसवणं

वही कव्हरात नीट बसवून ठेवा. वरचं कव्हर उघडा. अस्तराच्या दोन पानांच्या मधे एक रद्दी कागद घाला, म्हणजे खळ आत जाणार नाही. नाडीची टोकं आणि विरळ कापड अस्तरावर चिकटवा, मग त्या सगळ्यावरून खळ, मधून कडेकडे, पातळ आणि सगळीकडे सारखी. रद्दी कागद काढून घ्या, हे विसरण्याचं प्रमाण भलतंच आहे. कव्हर मिटा आणि दाबा. उघडून बघायचा मोह आवरा. ओलं अस्तर ताणलेलं असतं, उघडलं की सुरकुती पडते आणि ती कायमची. वही उलटून दुसरी बाजू तशीच.

दोन्ही कव्हरांच्या आत एकेक प्लॅस्टिकचा कागद घाला, ओल पानांत जाऊ नये म्हणून. बाहेरून दोन्ही खाचांत विणकामाची एकेक सुई ठेवा आणि फळी, वजन. खाच ठसठशीत उमटते ती या सुयांमुळे. किमान २४ तास.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, २४ तास पुरत नाहीत. दोन-तीन दिवस ठेवा आणि प्लॅस्टिकसोबत टिपकागद किंवा कोरा कागद घालून तो रोज बदला, नाहीतर आत बुरशी धरते. मे महिन्यात नागपूरकडे अडचण उलटी: खळ ब्रशवरच सुकते. तिथे खळ थोडी पातळ करा आणि लावताना पंखा बंद.

वजन काढल्यावर वही एकदम मधोमध उघडू नका, पाठीवर सगळा ताण एका फर्म्यावर येतो. ती पाठीवर उभी धरा, दोन्ही कव्हरं टेबलावर आडवी पाडा, मग पुढून पाच-सहा पानं दाबून उघडा, मागून पाच-सहा, पुन्हा पुढून, असं करत मधापर्यंत या. मधल्या फर्म्याचा दोरा दिसला, पानं न उचलता सपाट राहिली, की लिहायला घ्या.